पिशवीतलं बी

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात खोडाळ्यावरून वर चढत गेलं की सूर्यमाळ लागतं. उंचावरचं पठार, पावसाळ्यात अंगाला चिकटून चालणारे ढग, पौषात बोचरा वारा. पाऊस इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो, पण कातळावर तो थांबत नाही, ओहोळांनी वैतरणेकडे धावतो. मध्य वैतरणेचं धरण याच भागात आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्यामुळे शेती एकाच हंगामाची. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगाच्या पावसावर त्यात भात नि नागली टाकायची, रोप वीतभर झालं की आवणी करायची आणि दिवाळीच्या पुढेमागे खळं. खळं उरकलं की अनेक घरांतली माणसं वसई-भिवंडीकडे, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात. कधी निघायचं, पोरांना सोबत न्यायचं की आजीपाशी ठेवायचं, हे घरात किती दाणे आले त्यावर ठरतं.

विकत घेतलेल्या सदोष वस्तूमुळे नुकसान झालं तर विकणाऱ्याकडून भरपाई कशी मागायची, या विषयावरच्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहायचं मी कबूल केलं. तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं, फ्रिज-टीव्हीची उदाहरणं घ्या, लोकांना पटकन कळतात. मला मात्र सूर्यमाळचा राब दिसत होता. शहरात मिक्सर बिघडला तर चार दिवस चटणी होत नाही. राबात टाकलेलं बी उगवलं नाही तर दुसरं बी टाकायला पाऊस थांबून राहत नाही. वस्तू तीन-चारशे रुपयांची आणि तिने केलेलं नुकसान एका वर्षाचं. हे अंतर जिथे सगळ्यात रुंद आहे तिथूनच विषय समजून घ्यावा, असं मला वाटलं.

या डोंगरात बियाणं फार काळ दुकानातून येत नव्हतं. खळ्यावरच चांगली लोंबी, भरलेलं कणीस बाजूला निघायचं आणि पुढच्या मृगापर्यंत घरातली बाई ते जपायची. कुणाचं बी संपलं, भिजलं, उंदरांनी खाल्लं, तर शेजारून उसनं आणायचं आणि सुगीला सवाई-दिढीने परत करायचं. नागली-वरईचं घरचं बी आजही कित्येक घरांत आहे. त्या व्यवहारातही बी फसायचंच, पण कुणाचं फसलं, कसं फसलं, हे सगळ्या पाड्याला ठाऊक असायचं. देणारा डोळ्यांसमोर असायचा आणि पुढच्या वर्षी त्याच्याच बांधावरून जायचं असायचं. जबाबदारी कागदावर नव्हती, पण ती होती.

मग संकरित भात आला, भाजीपाल्याचं बी आलं, खतं आली, तणनाशकं आली. बी कणगीतून पिशवीत गेलं. पिशवीवर कंपनीचं नाव, ती कंपनी कुठल्या तरी दूरच्या शहरातली. बी कुणी पिकवलं, कुठल्या गोदामात किती दिवस पडून होतं, घेणाऱ्याला काहीच कळायला मार्ग नाही. त्या सगळ्या साखळीतला एकच माणूस त्याने पाहिलेला असतो, तो म्हणजे बाजारातला कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. म्हणून बी फसलं की तो त्याच्याकडेच जातो. दुकानदार म्हणतो, “दादा, पिशवी सीलबंद होती. आत काय होतं, मला काय ठाऊक?” या वाक्याला कायदा काय उत्तर देतो, हाच या पुस्तिकेचा गाभा आहे. बी घरातून बाजारात गेलं तेव्हा त्याची जबाबदारीही बाजारात जायला हवी होती, आणि ती नेमकी कुठे अडकून पडली हे शोधायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

आधी घरातली एक गोष्ट सांगते, कारण हा विषय मला पुस्तकातून कळलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे चार्जिंगचा टॉर्च आणला होता. रात्री चार्जिंगला लावला आणि पहाटे जळका वास आला. बॅटरी फुगून फुटली होती. टॉर्च वितळला, त्याखालची गोधडी जळाली आणि ती विझवताना आईचा तळहात भाजला. ती गोधडी आजीने तिच्या नऊवारींची शिवलेली. सकाळी आई हाताला फडकं बांधून दुकानात गेली. दुकानदार चांगला माणूस होता. त्याने न कुरकुरता नवा टॉर्च काढून समोर ठेवला. आई म्हणाली, “आणि हात? गोधडी?” तो खरोखर गोंधळला. “मावशी, टॉर्च बदलून देतो ना. गोधडीचं मी काय करू?” आई नवा टॉर्च घेऊन परत आली. दवाखान्याचे पैसे आम्हीच भरले.

त्या दुकानदाराच्या मनात लबाडी नव्हती. त्याच्या डोक्यात एकच हिशेब होता, वस्तूच्या किमतीचा. तो हिशेब त्याने चोख पुरा केला. वस्तूने जे मोडलं, जाळलं, बुडवलं, त्याचा हिशेब वेगळा मांडायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही नव्हतं. आपल्याकडे बहुतेक तक्रारी इथेच थांबतात: बदलून मिळालं, विषय संपला. बियाण्याच्या बाबतीत तर दुकानदार कधी कधी मोठेपणाने दुसरी पिशवी देतो. जुलैच्या शेवटी मिळालेल्या त्या पिशवीचं सूर्यमाळचा माणूस काय करणार?

जगातल्या न्यायालयांनाही हे दोन हिशेब वेगळे करायला वेळ लागला. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात ऑगस्ट 1928 मध्ये मे डोनॉह्यू नावाच्या बाईंना मैत्रिणीने कॅफेत जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली अपारदर्शक होती आणि तिच्यात कुजलेली गोगलगाय निघाली, अशी बाईंची तक्रार होती. त्या आजारी पडल्या. पण पैसे मैत्रिणीने दिले होते, त्यामुळे कॅफेवाल्याशी बाईंचा करारच नव्हता. त्याच्यावर दावा चालेना, म्हणून त्यांनी बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनवर दावा लावला. 1932 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने मान्य केलं की वस्तू बनवणारा ती वापरणाऱ्या अनोळखी माणसाचंही काही देणं लागतो. हा खटला वकिलांना तोंडपाठ असतो. मला त्याहून जवळचा वाटतो तो ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचा. डॉ. ग्रँट यांनी 1931 मध्ये दुकानातून लोकरीचे आतले कपडे घेतले. धुलाईत राहून गेलेल्या सल्फाइटमुळे त्यांची त्वचा इतकी बिघडली की ते महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले. 1935 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कापड गिरणीला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं आणि विकणाऱ्या दुकानालाही धरलं. दुकानाची काही चूक नव्हती, कपड्यातलं रसायन त्याला दिसणं शक्यच नव्हतं. तरीही, विकलेला माल ज्या कामासाठी असतो त्या कामाला तो योग्य असेल, ही हमी विक्रीतच असते. दुकानाने ती बोलून दाखवलेली नसली तरी असते.

ही हमी आपल्या कायद्यात परकी नाही. भारतात 1930 पासून माल विक्रीचा कायदा आहे आणि त्याच्या 16व्या कलमात ती लिहिलेली आहे. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागे. कोर्ट फी, वकील, तारखा. तीनशे रुपयांच्या पिशवीसाठी कोण जाणार? मधली वाट ग्राहक चळवळीने काढली आणि त्यात महाराष्ट्र पुढे होता, हे अभिमानाने सांगावंसं वाटतं. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तो दिवस आता ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याची जागा 2019च्या कायद्याने घेतली आणि जुलै 2020 पासून तो लागू आहे.

नव्या कायद्यात एक अख्खं प्रकरण उत्पादनाच्या दायित्वाला दिलं आहे आणि त्यात विक्रेत्यासाठी स्वतंत्र कलम आहे, 86वं. ते समजून घ्यायला थोडा धीर धरावा लागतो, पण सीलबंद पिशवीचं उत्तर तिथेच आहे. केवळ विकलं म्हणून विक्रेता आपोआप सापडत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये किरकोळ विक्रेत्यालाही उत्पादकाइतकंच थेट जबाबदार धरलं होतं. आपल्या कायद्याने तितकी कडक वाट धरलेली नाही. मात्र विक्रेत्याने मालाच्या बनावटीवर, वेष्टनावर किंवा लेबलवर मोठं नियंत्रण ठेवलं असेल, माल उघडून त्यात बदल केला असेल आणि त्यानेच नुकसान झालं असेल, उत्पादकापेक्षा वेगळी स्वतःची हमी दिली असेल, माल तपासण्यात किंवा सांभाळण्यात हयगय केली असेल, उत्पादकाच्या सूचना नि धोक्याचे इशारे घेणाऱ्यापर्यंत पोचवले नसतील, तर तो जबाबदार. आणि उत्पादक कोण हेच कळत नसेल, किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोचवता येत नसेल, तरीही विक्रेताच जबाबदार.

आता हे मोखाड्याच्या बाजारात आणून पाहा. सुट्टं बी वजन करून कागदात बांधून दिलं, तर सीलबंद पिशवीचा बचाव उरतो कुठे? “हे वाण तुमच्या वरकसावर झकास येतं, माझा शब्द” असं सांगून विकलं, तर ती दुकानदाराची स्वतःची हमी झाली. ती सिद्ध करायला साक्षीदार किंवा दुकानाच्या सही-शिक्क्याची चिठ्ठी लागेल, एवढंच. आणि साठवण! भाताच्या बियाण्यात ओलावा 13 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असं मानक आहे. जव्हार-मोखाड्याच्या पावसात गळक्या पत्र्याखाली, ओल्या भिंतीला टेकून, खतांच्या गोण्यांशेजारी महिनाभर पडलेल्या पिशवीतलं बी कारखान्यातून कितीही चांगलं निघालेलं असो, राबात पोचेपर्यंत त्याचा जीव जातो. तिथे दोष कंपनीचा की दुकानाचा, हे तपासावंच लागतं. माझ्या मते सीलबंद पिशवीचा मुद्दा सगळ्यात लंगडा इथे पडतो, आणि तक्रार करणाऱ्यांचं या मुद्द्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

दुकानदाराची बाजूही याच जागी सांगायला हवी. गावाकडचा कृषी सेवा केंद्रवाला काही गब्बर व्यापारी नसतो. तो पेरणीला उधार देतो, सुगीपर्यंत थांबतो, कुणाच्या घरी काय अडचण आहे ते जाणतो. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या बियाणे-खते-कीटकनाशक विक्रेत्यांनी तीन दिवस दुकानं बंद ठेवली. राज्य सरकारने आणलेल्या विधेयकांमुळे कंपनीच्या चुकीची शिक्षा आपल्याला होईल, अशी त्यांची भीती होती. तिच्यात तथ्य आहे. बियाण्यांच्या कितीतरी निकालांत सीलबंद माल विकणाऱ्या दुकानदाराला मोकळं करून भरपाई कंपनीवर टाकलेली दिसते, आणि बहुतेक वेळा ते न्याय्यही असतं. मग त्याला तक्रारीत ओढायचं तरी कशाला? कारण विक्री झाली, याच लॉटची झाली, याच भावाने झाली, हे त्याच्याच वह्यांतून सिद्ध होतं. कंपनीकडून माल घेतल्याचं बिल त्याच्याचकडे असतं. त्याला प्रतिपक्ष केलं म्हणजे त्याच्याशी वैर धरलं असं होत नाही. हे शेतकऱ्याला समजावणं अवघड जातं, कारण पुढच्या जूनला उधारी त्याच्याकडेच मागायची असते. माझा अनुभव असा की स्वच्छ वह्या ठेवणारा दुकानदार तक्रारीने फारसा बिथरत नाही.

बियाणं ही वस्तू न्यायालयात नेणं मात्र विचित्र अवघड आहे. टॉर्च जळला तर जळका टॉर्च दाखवता येतो. बी तर मातीत गेलं. ग्राहक आयोगाला सदोष माल प्रयोगशाळेत पाठवता येतो, पण पाठवायला माल हवा ना! कंपन्यांनी बरीच वर्षं याच खिंडीत शेतकऱ्यांना गाठलं: नमुना कुठे आहे, प्रयोगशाळेचा अहवाल कुठे आहे? जानेवारी 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही खिंड मोकळी केली. बियाणे कायदा 1966 असला तरी शेतकरी ग्राहक मंचाकडे, म्हणजे आजच्या ग्राहक आयोगाकडे, जाऊ शकतो, हे तर न्यायालयाने सांगितलंच. त्याहून मोलाचं म्हणजे, शेतकरी आणलेलं सगळं बी पेरतो, पुढे खटला करायचा म्हणून थोडं बाजूला ठेवील अशी अपेक्षाच चूक आहे, असंही म्हटलं. आणि बोट दाखवलं ते 1968च्या बियाणे नियमांकडे. त्या नियमांनुसार विकणाऱ्याने प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षं ठेवायची असते आणि लॉट संपल्यानंतर वर्षभर नमुना टाकून द्यायचा नसतो. म्हणजे नमुना कुठे आहे हा प्रश्न शेतकऱ्याने विकणाऱ्याला विचारायचा आहे. त्याआधी 1998 मध्ये, महाराष्ट्रातल्याच महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनीच्या एका प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाचा कल असाच होता: बी निर्दोष असल्याचं कंपनीला म्हणायचं होतं, तर तपासणीसाठी अर्ज तिने करायचा होता.

म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. 2005 मध्ये हरियाणा सीड्स विरुद्ध साधू या प्रकरणात शेतकरी हरला. पीक कमी आलं म्हणजे बी वाईटच, असं होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि ते खरंच आहे. बी खोल पडलं, पेरणीनंतर पावसाने पंधरा दिवस ओढ दिली, राबात पाणी साचून कुजलं, तर त्यात दुकानाचा काय दोष? या मुद्द्यावर मी शेतकऱ्यांशी भांडलेही आहे. राग खरा असतो, नुकसान खरं असतं, तरी कारण शोधावंच लागतं. 2020च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलं नाही म्हणून हाहाकार झाला, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हाही बी वाईट की पेरणी घाईची, या वादात बराच वेळ गेला. सोयाबीनची साल नाजूक असते, तिचं उगवणीचं मानकच 70 टक्के आहे. भाताचं 80. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि आठवड्याने मोजले, तर हा वाद निम्मा घरातच मिटतो. ही चाचणी कृषी खातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. मी तिच्याकडे पुरावा म्हणूनही बघते: मोजताना दोन शेजारी बोलवावेत आणि पोराच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

दुसरा पुरावा सरकारी आहे आणि त्याला मुदत असते ती निसर्गाची. बी उगवलं नाही, किंवा पीक भलतंच निघालं, की तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. तिच्यात कृषी खात्याचे अधिकारी असतात, कृषी विद्यापीठाचे किंवा कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ असतात. पालघर जिल्ह्यासाठी असं केंद्र डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आहे. सूर्यमाळच्या पावसात रिकाम्या राबात आठ-दहा दिवसांत तण माजतं आणि मग पंचांना काहीच दिसत नाही. त्यामुळे तक्रार आज करायची, “सुगीनंतर बघू” म्हणायचं नाही. पंचनाम्यात बियाणं निकृष्ट होतं का, यावर स्पष्ट शब्द लिहिले गेले पाहिजेत. हरियाणाच्या प्रकरणात तेच शब्द नव्हते.

मागायचं काय, याबद्दल एक बारकावा आहे आणि तो चुकला तर तक्रार वाया जाते. नव्या कायद्याच्या उत्पादन दायित्वाच्या प्रकरणात नुकसानीची व्याख्या आहे: शरीराला इजा, आजार, मृत्यू, त्या वस्तूखेरीज दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान आणि त्यापोटी झालेला मनस्ताप. आईचा हात आणि आजीची गोधडी दोन्ही त्यात बसतात. पण निव्वळ व्यापारी किंवा आर्थिक तोटा त्या व्याख्येतून वगळलेला आहे. त्यामुळे बुडालेल्या पिकाची भरपाई मागताना जुनीच वाट धरलेली बरी: माल सदोष होता, समोरच्याच्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाचं नुकसान झालं, त्याची भरपाई 39व्या कलमाखाली द्या. “शेती हा धंदा आहे, शेतकरी ग्राहक नव्हे,” असा आक्षेप येतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानत नाहीत, हे त्यावरचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे.

माणसाच्या शरीराचं नुकसान मात्र उत्पादन दायित्वाच्या प्रकरणात अगदी चपखल बसतं आणि त्याचं एक उदाहरण महाराष्ट्राने विसरू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. त्यातल्या काहींच्या वतीने 2020 मध्ये थेट स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला सिंजेंटा कंपनीविरुद्ध दाद मागितली गेली. आपल्या औषधामुळे हे झालं, हे कंपनीला मान्य नाही. मला तिथे बाझेलइतकंच यवतमाळातलं दुकान महत्त्वाचं वाटतं. औषधाच्या डब्यासोबतचं घडीपत्रक मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, दोन औषधं एकत्र न करणं, हे सगळं फवारणाऱ्याला तोंडाने सांगू शकणारा माणूस एकच, विकणारा. इशारा पोचवला नाही तर विक्रेता जबाबदार, हे 86व्या कलमातलं वाक्य वाचताना मला यवतमाळचं सरकारी रुग्णालय आठवतं. आज मोखाड्यातही भातावर तणनाशक मारलं जातं, आणि मारणारी बरीचशी पोरं पाठीवर पंप घेऊन अनवाणी चालतात.

आता वाटेबद्दल थोडं. सूर्यमाळहून जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. हे ओळखूनच की काय, कायद्याने काही दारं जवळ आणली आहेत. पूर्वी जिथे दुकान, कंपनी किंवा तक्रारीचं कारण, तिथेच तक्रार करावी लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही चालते, आणि अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. वस्तूसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचं, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. इथे किंमत म्हणजे दिलेले पैसे, मागितलेली भरपाई नव्हे. तेव्हा तीनशेच्या पिशवीने लाखाचं पीक बुडवलं तरी फी लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. समोरच्याने 30 दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी 15. मालाची तपासणी लागणार नसेल तर निकाल तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो, आणि हे वाचकापासून लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर 72व्या कलमाखाली तुरुंगवासाची तरतूद आहे. एवढं सगळं सुरू करण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलून पाहावं. निम्म्या तक्रारी कंपनीला एक फोन गेल्यावरही सुटू शकतात, असा माझा कयास आहे.

वकिलाची सक्ती नाही, तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. पण ग्राहक चळवळीतले कार्यकर्तेही जी गोष्ट फारशी सांगत नाहीत ती इथे ठळक लिहिते: 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या प्रत्येक माणसाला, आणि जातजमात कुठलीही असो प्रत्येक स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जव्हार-मोखाड्यातल्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांना, म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच, हा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी करायची.

एवढं सांगूनही सगळं अडतं ते पावतीपाशी. माझ्यापुढे आलेल्या बियाण्यांच्या तक्रारींत सर्वांत मोठी अडचण पावती नसण्याची होती. इथे कायदा दुकानदाराच्या बाजूने आहे असं कुणी समजू नये. 1983च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे रोखीने किंवा उधारीवर, प्रत्येक विक्रीचं बिल देणं परवानाधारक विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पण एक माणूस बाजाराला जातो, चार घरांचं बी आणतो, कच्च्या चिठ्ठीवर आकडा असतो आणि उधारी वहीत चढते. बिल मागितलं तर शेठला राग येईल, ही भीती तर असतेच. मी म्हणते, चार घरांची चार बिलं मागा. बिलावर वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या, कारण नुसत्या “भात बियाणे 1 पिशवी”वरून पुढे काहीच सिद्ध होत नाही. पिशवी कापताना लेबलाची बाजू सोडून दुसरीकडून कापा. त्या लेबलावर उगवण किती टक्के, तपासणी कधीची, मुदत कधीपर्यंत, सगळं छापलेलं असतं. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते, सत्यप्रत बियाण्याला हिरवी. ती चिठ्ठी, रिकामी पिशवी आणि मूठभर बी, तिन्ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवा.

पुढच्या प्रकरणांत तक्रारीचे नमुने आहेत, घरगुती गॅस, विजेची उपकरणं, औषधं, ऑनलाइन खरेदी यांच्यावर वेगवेगळं लिहिलेलं आहे. ऑनलाइनचं प्रकरण डोंगरातल्या वाचकानेही टाळू नये, कुरियर आता खोडाळ्यापर्यंत येतं. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणाऱ्या 2,265 प्रेशर कुकरच्या ग्राहकांना कळवून पैसे परत करायला अ‍ॅमेझॉनला सांगितलं होतं, त्याची हकीकत तिथे सविस्तर सापडेल.

शेवटचं पान आम्ही मुद्दाम कोरं ठेवून त्यावर रेघा आखल्या आहेत. दुकान, तारीख, वाण, लॉट नंबर, वजन, किंमत, राबात टाकल्याचा दिवस, त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस, उगवलेले दाणे शंभरातले किती. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीने ते मृगाच्या आठवड्यात भरावं.